नकाररेषेच्या खाली

सोमवारी सकाळी आठला वैजयंती आवटीच्या मनगटावरची पट्टी थरथरली आणि तिच्यावर आठवड्याची तीन उद्दिष्टं उमटली. मगदूमकाकांची खुर्ची खिडकीपाशी हलवा, त्यांना वारा लागेल. विभागात सगळ्यांनी हळू आवाजात बोलायचं. गुरुवारी मुलीच्या गॅदरिंगला वेळेवर निघा.

"एवढंच?" ती स्वतःशीच हसली. कुपवाडच्या त्या पंपांच्या कारखान्यात ती चाचणी विभागाची प्रमुख होती, आणि गेल्या वर्षापर्यंत तिला सोमवार नकोसा वाटायचा. वरून कंपनीच्या धोरणाचं जाडजूड पुस्तक यायचं आणि त्यातून आपल्या माणसांना झेपतील अशी कामं काढता काढता विभागप्रमुखांचा जीव मेटाकुटीला यायचा. तीन वर्षांपूर्वी एका धोरणापायी दोन माणसं कमी करायला सांगितली, तेव्हा या बाईने साहेबांच्या टेबलावर स्वतःचाच राजीनामा ठेवला होता. "मला नाही जमणार," म्हणाली होती. साहेबांनी तो हुकूमही मागे घेतला आणि तिचा राजीनामाही परत केला.

मग 'पायरी' नावाची यंत्रणा आली. एका बाजूने तिच्यात धोरण घालायचं, दुसऱ्या बाजूने प्रत्येकाच्या मनगटावर त्याची त्याची उद्दिष्टं उतरायची. नाडी, घाम, आवाजातला कंप यांवरून कोणता माणूस कुठे अडून बसेल, हे पट्टी ओळखायची. यंत्रणा बसवायला आलेल्या पोरसवदा इंजिनिअरने त्या जागेला नाव दिलं होतं नकाररेषा. "प्रत्येक उद्दिष्ट या रेषेच्या खालीच राहणार, मॅडम. म्हणून तर शंभर टक्के साध्य!" नियम एकच. आपली उद्दिष्टं दुसऱ्याला दाखवायची नाहीत, नाहीतर तुलना होते आणि माणसं कुरकुरतात. कुरकुरणार कोण? सगळे वेळेत घरी जात होते.

बापूसो मगदूम या विभागात तीस वर्षं होते. चालत्या पंपावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून दोष सांगायचा, ही त्यांची विद्या. मग तिथल्या तिथे पंप उघडायचा. निदान खरं निघालं की अख्खा विभाग "बरोबर!" म्हणून ओरडायचा, आणि त्यांच्याविरुद्ध पैज लावणारा सगळ्यांसाठी भडंग आणायचा. काकांवर स्वतः भडंग आणायची पाळी क्वचितच यायची, आणि आली तर विभागातली माणसं महिनाभर त्यांना चिडवत राहायची.

वैजयंतीने खुर्ची हलवली. खिडकी रस्त्याच्या बाजूला होती, बाहेर दिवसभर ट्रक धडधडायचे, पण वारा मात्र छान यायचा. पुढचे काही महिने काका शांत होत गेले. "आं? काय म्हणालात?" असं दोनदोनदा विचारू लागले. वय झालं बिचाऱ्यांचं, असं वाटून ती मनात हळहळली आणि विसरून गेली.

दसऱ्याच्या आदल्या शुक्रवारी काकांनी तिच्यापुढे कागद ठेवला.

"राजीनामा हाय, मॅडम."

"का हो काका? काय झालं?"

"कान गेलं माझं. तुम्ही सगळी बोलता त्ये ऐकू येत न्हाई. पंपाचं सांगतो, तर कुनी बरोबर म्हनत न्हाई. म्हंजे चुकतच आसनार की! तुम्ही भली मानसं, तोंडावर बोलत न्हाई. पन मी वळखलं."

काका सामान आवरायला गेले. विभागाला हळू बोलायला तर वैजयंतीनेच लावलं होतं. तिने रफिक मुजावर आणि सुलभा चौगुले या आपल्या दोन सहकाऱ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं आणि पहिल्यांदाच नियम मोडला. तिघांची मनगटं टेबलावर शेजारी शेजारी आली, मागच्या महिन्यांची उद्दिष्टं एकेक करून वर सरकू लागली.

रफिकची: पंप शेजारच्या शेडमध्ये उघडा, इथे धूळ नको. निकाल थेट यंत्रणेत भरा. सुलभाची: साडेबाराला नव्या मुलींबरोबर जेवा, त्यांना सोबत होईल; तोवर ती रोज काकांबरोबर जेवायची. काकांनी निकाल विचारला तर अहवाल येईल म्हणा. वैजयंतीची: हळू आवाज, खिडकीजवळची खुर्ची. आणि या सगळ्याच्या मुळाशी जूनमधलं धोरणाचं एक वाक्य होतं, तिनेच सही केलेलं: 'दिवाळीपर्यंत चाचणी विभाग मानवी कानावर अवलंबून राहणार नाही.' तिला वाटलं होतं, नवी यंत्रं घेणार असतील.

"काकांना हाकल म्हणून सांगितलं असतं, तर मी ही पट्टी साहेबांच्या तोंडावर फेकली असती," रफिक म्हणाला.

"म्हणून तर सांगितलं नाही," वैजयंती म्हणाली. "काकांचे किती निकाल बरोबर होते?"

रफिकने यंत्रणेत पाहिलं आणि खाली मान घातली. "दोनशे बारापैकी दोनशे नऊ."

तिघं धावत सुटली. काका डबा पिशवीत भरत होते. वैजयंतीने सगळं सांगितलं, कान अगदी धडधाकट आहेत म्हणाली, हात जोडले. काका समजूतदारपणे हसले.

"तुम्ही मनाच्या लई चांगल्या. जाताना मानसाला बरं वाटावं म्हनून बोलताय."

मग रफिकने बिघडलेलं बेअरिंग घातलेला पंप चालू केला. त्याची घरघर वैजयंतीलाही नुसत्या कानाने ऐकू येत होती. काकांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला. टोक उचलून दुसऱ्या जागी टेकवलं, मग तिसऱ्या.

"बेअरिंग वाटतंय," ते पुटपुटले. "न्हाई, नगं. मला न्हाई कळत."

"बरोबर!" तिघंही एकदम ओरडली.

फारच मोठ्याने ओरडली, आणि फारच एकदम. मुद्दाम हरणाऱ्या माणसांकडे बघावं तसं काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, स्क्रूड्रायव्हर रफिकच्या हातात दिला आणि ते गेटकडे चालू लागले. कान शाबूत होते. त्या कानांवरचा विश्वास मात्र या तिघांनी मिळून, रोज थोडा थोडा, अगदी मायेने मारून टाकला होता.

सोमवारी वैजयंती सकाळपासून, 'पायरी'ने काय केलं ते साहेबांना कळवणारं पत्र लिहीत बसली. पट्टी हातावर होतीच, तिच्याशिवाय हजेरी लागत नव्हती, पण आज तिने पट्टीवरचं काही वाचलं नाही. लिहिताना डोळे भरून येत होते. सुलभाने पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि जवळ बसून तिच्या पाठीवर हात ठेवला.

"ताई, किती मनाला लावून घेता! तुमचा काय दोष? थोडे दिवस रजा घ्या, मुलीबरोबर राहा. पत्र काय, नंतरही लिहिता येईल."

एरवी वैजयंतीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं असतं. आज ती झटकन मागे सरकली.

"सुलभा, खरं सांग. हे सकाळी पट्टीवर आलं होतं?"

सुलभाचा चेहरा पडला.

"आलं होतं, ताई. पण मला वाटलंसुद्धा होतं. रात्रभर तुमचाच विचार करत होते हो मी." ती थांबली. आपल्याच मनगटाकडे बघत राहिली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे… मला आधीच वाटलं होतं ना, ताई?"