मयताची लादी

सालवडच्या त्या चाळीसमोर, रस्ता ओलांडला की बर्फाचा कारखाना. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. चाळीतल्या पोरांना दुसरं मैदान कुठलं असणार! कारखान्याच्या ओल्या, गुळगुळीत ओट्यावर बर्फाचा तुकडा टाकायचा आणि समोरासमोर उभं राहून वाकड्या काठ्यांनी टोलवायचा. खट्… सर्रर्र… खट्. ज्याच्या बाजूला तुकडा विरघळला, तो हरला. नागोरावाची थोरली कमळी यात कुणाला ऐकायची नाही. धाकट्या मंगळीचं उजवं पाऊल आत वळलेलं, तेव्हा तिच्याशी खेळताना मात्र कमळी मुद्दाम हळू टोला मारायची.

चैत्रात कमळी तापानं गेली. नागोराव त्याच कारखान्यात बर्फाच्या लाद्या कापायला होता. नांदेडहून आजी येईपर्यंत पोरीला लादीवर निजवलं. म्हातारी आली, ऊर बडवून रडली, माती झाली. घरात लादी तेवढी उरली आणि तिच्यात कमळीच्या पाठीचा, टाचांचा खळगा.

“मयताची लादी परत कारखान्यात नेत नाय, नागोराव,” कामावरचा जोडीदार भिका म्हणाला. भिका तिथलाच, जवळच्या दांडी गावचा. “उनात टाक. इतळू दे तिला.”

नागोरावानं मान डोलावली. पण बापाचं काळीज ते! पोरीचं एवढंच उरलेलं, तेही गटारात वाहून जाताना बघवेना. त्यानं लादी गोणपाटात गुंडाळून बर्फाच्या खोलीत भुशाखाली दडवली. रोज जाऊन त्या खळग्यात हात ठेवायचा. वेडेपणा म्हणा हवं तर.

वैशाखातल्या एका भर दुपारी त्याला मंगळी दिसली. बर्फाच्या खोलीच्या बंद दाराला पाठ टेकून, काठी घेऊन बसलेली. आतून आवाज येत होता. खट्… सर्रर्र… मग शांतता. कुणीतरी टोला मारून समोरच्याची वाट बघत होतं.

“बाबा, ताई एकटीच खेळतीय,” मंगळी कुजबुजली. “समोर कुणीच नाही…”

नागोरावाच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगू? भीतीच्या आधी त्याला आनंद झाला. त्यानं मंगळीला तिथून उठवलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिथंच घात झाला.

आठवड्याभरात रखमाबाई, त्याची बायको, रडकुंडीला आली. “अवो, एवढ्या उन्हाळ्यात लेकराचं अंग गार लागायलंय… बघा की जरा!”

नागोराव बर्फाच्या खोलीकडे धावला. दोन्ही हातांनी भुसा उपसला. कमळीची लादी होती तशीच होती. पण शेजारी सकाळीच रचलेली कोरी लादी, तिच्यातही खळगा पडला होता. जरा लहान. उजवं पाऊल आत वळलेलं.

भिका हाकेसरशी आला. दोघांनी दोन्ही लाद्या ओढत उन्हात आणल्या. कमळीची लादी बघता बघता पाणी झाली. “जा माय… जा,” म्हणत नागोराव हमसून रडला. दुसरीला मात्र घामसुद्धा फुटेना. रखमाबाईनं उकळतं पाणी ओतलं. वाफ झाली, खळगा तेवढा आणखी खोल गेला. शेवटी नागोरावानं पहार उचलून घाव घातला, आणि रस्त्यापलीकडून, चाळीतून मंगळीची किंकाळी आली.

“बाबा… पाठ… पाठ!”

त्याच्या हातातली पहार गळून पडली. फोडता येईना आणि वितळेना.

“काय करून ठेवलंत हो तुमी…” रखमाबाई खालीच बसली.

दिवे लागले तेव्हा नागोराव मंगळीला गोधडीत लपेटून मांडीवर घेऊन बसला होता. भिकानं ती न वितळलेली लादी परत आत ओढली आणि बर्फाच्या खोलीला कुलूप लावून किल्ली त्याच्यासमोर ठेवली. “काय बी आवाज आला तरी जाव नको. आत आता कोन नाय.”

पोरीचा श्वास थंड लागत होता. तिचे दोन्ही हात नागोरावानं आपल्या मुठींत घट्ट धरले.

खट्… सर्रर्र…

रस्त्यापलीकडून आवाज आला. नागोरावानं डोळे मिटले. मुठींतले हात अजून मुठींतच होते.

आणि त्या खेपेला समोरून टोला परत आला.