घंटांमधलं गवत

खालच्या आळीतली आर्गिरो तुम्हाला माहीत आहे पोरांनो. तिच्या तरुणपणातली ही गोष्ट, तिने स्वतः मला सांगितलेली.

नवरा स्त्रातिस नुकताच गेला होता. रीतीप्रमाणे त्याच्या शेळ्यांच्या घंटा वाजू नयेत म्हणून त्यांत गवत कोंबलं होतं. चाळीस दिवस कळपानेही सुतक पाळायचं. तेवढ्यात दीर मानूसोस कॉफीच्या दुकानात चारचौघांसमोर म्हणाला, “संत दिमित्रीच्या सणापर्यंत शेळ्या डोंगरावरून खाली आणल्यास तर तुझ्या, वहिनी. नाहीतर माझ्या. हे बाईमाणसाचं काम नाही.”

“बाईमाणसाने काढलेलं दूध मात्र चालतं ना भाऊजी?” ती म्हणाली आणि काठी उचलून निघाली.

सणाची आदली रात्र. ती वर पोचली तोवर आभाळ भरून आलं होतं. सकाळपर्यंत थांबावं तर नदी चढून घळ बंद होणार. मग अंधारातच ती कळप घेऊन घळीत उतरली. एका शेळीचा पाय मोडला होता. जिवावर आलं, पण तिला मागेच सोडावं लागलं. दोन्हीकडे कडे, मध्ये गुडघाभर पाणी. शेळ्या दिसत नव्हत्या, त्यांचा आवाज नव्हता. हाकायचं कुणाला? तिने सरळ घंटांमधलं गवत उपसून फेकून दिलं.

म्हातारी माणसं अजून म्हणतात, तिथेच चुकली.

घळ अगदी चिंचोळी होते, तिथे शेळ्या थांबल्या. सगळ्या एकदम. घंटा गप्प.

मागून शीळ आली.

स्त्रातिसची. कळप परत फिरवायची.

शेळ्या वळल्या...

आर्गिरो घाबरली. पण भीतीहून राग मोठा होता.

“आता आलास?” मागे न बघता ती म्हणाली. “गवत मीच काढलं. तू गेलास, मी जिवंत आहे. शेळ्या माझ्या आहेत.”

...

पाणी मांडीला लागलं.

“नुसत्या शिट्ट्या काय मारतोस? ती लंगडी मागे राहिलीय, तिला उचल. नाहीतर वाट सोड.”

...

शीळ पुन्हा आली नाही. एक घंटा वाजली. मग दुसरी. शेळ्या खाली चालू लागल्या.

रात्रीतून नदीने घळ तुडुंब भरली. सकाळी आर्गिरोने शेळ्यांच्या वाडग्याचं फाटक उघडलं, तर लंगडी आत उभी. कोरडी. मोडक्या पायाला झालरीचा काळा रुमाल घट्ट बांधलेला. पुरताना नवऱ्याच्या डोक्याला तो तिनेच गुंडाळला होता.

तिने तो सोडला, तिथे दुसरं फडकं बांधलं. रुमाल स्वतःच्या डोक्याला गुंडाळून ती कॉफीच्या दुकानासमोरूनच कळप घेऊन गेली. मानूसोसने रुमाल ओळखला. शेळ्यांचा विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही.