कौलांवरचे गोळे

चौदा फूट म्हणजे फार उंची नाही. तेवढ्यावरून पडलं तर माणूस बहुधा जगतो.

बैठकीच्या खोलीतला दिवा तीन महिने बंद. बदलायला स्टूल लागतं, आणि घरातली दोन्ही स्टुलं आईने देऊन टाकली.

डावा खुबा: एक पट्टी, चार स्क्रू.

पिवळं मशीन: तीन मोटरी, कार्बनचे हलके दांडे, टोकाला कॅमेरा. राखाडी मशीन: दोन मोटरी, ॲल्युमिनियमचे दांडे, कॅमेरा नाही.

साठ फूट पन्हळ, एक माणूस: इतरांना दीड तास. बाबांना चाळीस मिनिटं.

ही सगळी वाक्यं लेकीच्या वहीत एकाच पानावर होती. वही तिने मशीन निवडायला घातली होती. बाबांनी तीस वर्षं लोकांच्या छपरांच्या पन्हळी साफ केल्या. शिडी लावायची, पाणी वाहून नेणाऱ्या त्या लांब पन्हळीतला पाला, गाळ, शेवाळ हाताने काढायचं आणि उतरायचं. तीन महिन्यांपूर्वी ते उतरले नाहीत, पडले. पुन्हा पडले तर उठणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

बाबांनी ते ऐकून घेतलं होतं, एवढंच.

"मशीन घे, नको कोण म्हणतंय," ते म्हणाले होते. "पण महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर मी शिडी लावणार. तुझ्या डॉक्टरला म्हणावं, खाली उभा राहा आणि झेल."

महिनाअखेर नऊ दिवसांवर होती. भर उन्हात टाय लावून फिरणाऱ्या एका विक्रेत्याने, घरात त्याचं नाव टायवालाच पडलं होतं, दोन्ही मशीनं आठ दिवस वापरून बघायला दिली होती. व्हॅक्यूम जमिनीवर, नळी दांड्याला, दांडा वर पन्हळीपर्यंत. कोणी चढायचं नाही. हे जमलं की बाबा वाचले, इतकं ते सोपं होतं.

पिवळं मशीन तिने आधी बालवाडीवर नेलं. मुलं घरी गेली होती, बाई दारात बसून खडू नीट लावत होत्या. कामाची रीत लेकीने बाबांचीच ठेवली: घराकडे तोंड करून उभं राहायचं आणि उजव्या टोकापासून सुरुवात करायची. लहानपणी तिने कारण विचारलं होतं. 'उजवा हात मोकळा राहतो,' असं उत्तर मिळालं होतं. पुढे विचार केल्यावर ते काही पटलं नाही, पण रीत अंगवळणी पडली ती पडलीच.

मनगटावरच्या छोट्या स्क्रीनवर पन्हळ दिसत होती. काळा गाळ, सडलेला पाला, बाटलीचं झाकण, एक रबरी चेंडू. ड्रम खडखडत होता. मशीन ओढत होतं झकास. तिच्या मनात आलं, हेच घ्यायचं, विषय संपला.

मधोमध आल्यावर गाळ संपला. रेघ मारावी तसा. पुढची पन्हळ लख्ख होती, पुसल्याचे ओले फराटे दिसत होते. आणि तिच्या वर, कौलांच्या काठावर, हातभर अंतराने चिखलाचे गोळे मांडलेले होते.

लेक जागच्या जागी थांबली.

ही रीत फक्त बाबांची. बाकीचे लोक शिडीला बादली अडकवतात. भरलेल्या बादलीने शिडी कलते, म्हणून बाबा गाळ मुठीत पिळून त्याचा गोळा कौलावर ठेवायचे आणि परतताना एकेक उचलून आणायचे. त्यांच्या हाताखाली कधी कोणी शिकलं नव्हतं.

तिने दांडा खाली घेऊन भिंगासमोर हातमोजा धरला. स्क्रीनवर हातमोजा दिसला. तरीही तिने टायवाल्याला फोन लावला.

"यात आधीचं काही चित्रण भरून ठेवलंय का?"

"नाही हो मॅडम. समोर असेल तेच दिसतं."

"समोर नसायला हवं ते दिसतंय."

"मग तो मशीनचा दोष नाही," टायवाला जरा दुखावूनच म्हणाला.

दांड्याच्या टोकाने तिने एक गोळा खाली पाडला. तो गवतात पडला आणि फुटला नाही. उचलला तर अजून पाणी गळत होतं. त्यात बोटं खोल रुतल्याच्या खाचा होत्या.

"आज कोणी शिडी लावली होती का इथे?" तिने बाईंना विचारलं.

"शिडी? पोरं अंगणात असताना? सकाळपासून मी या पायरीवरून हलले नाहीये. दोन शिड्या मोडून झाल्या असत्या एव्हाना."

घरी बाबा खिडकीशी बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. लेकीने चप्पल काढायच्या आधी त्यांची नखं पाहिली.

"काय साहेब, हात तपासताय? मग कानही बघून घ्या."

"आज कुठे गेला होतात?"

"न्हाणीघरात. दोनदा."

"ते कुठे जातायत," आई आतून म्हणाली. "शिडीला साखळी, साखळीला कुलूप, आणि किल्ली माझ्या कमरेला. चढायचं तर मला घेऊन चढावं लागेल, आणि तेवढी ताकद राहिलेली नाही त्यांच्यात."

लेकीने पिशवीतून गोळा काढला आणि कोड्यावर ठेवला.

बाबांचा चेहरा हसरा होता तो तसाच राहिला. हसू तेवढं गेलं.

"तुमचाच ना?"

बाबांनी तो उजव्या मुठीत धरून पाहिला. बोटं जुळेनात. मग डाव्या मुठीत घेतला. चारही खाचांत बोटं अलगद बसली, पण खाचा बोटांच्याही पुढे पेरभर गेल्या होत्या. बाबा उजव्या हाताचे. डाव्या हाताने त्यांना धड भाजी चिरता येत नाही.

"कुठून सुरुवात केलीस?" त्यांनी विचारलं.

"उजवीकडून."

"आणि हे मधोमध सुरू झालं."

मधोमध असं ती बोलली नव्हती.

"तुम्हाला कसं कळलं?"

बाबांनी गोळा मुठीत चुरडला आणि माती कागदात गुंडाळली. "राखाडी घे," ते म्हणाले. "कॅमेऱ्याचं काय करायचंय आपल्याला."

रात्रीची जेवणं झाली. लेकीने वहीत लिहिलं: बाबांना राखाडीची घाई. का? मग तिची नजर वरच्या ओळीवर गेली. साठ फूट, चाळीस मिनिटं. 'तुझ्या बापाचा हात चालतो,' असं सगळे कौतुकाने म्हणत. पण हात कितीही चालला तरी चाळीस मिनिटांत होतं ते निम्मं काम.

म्हणजे कोणीतरी आहे, तिने ठरवून टाकलं. डावरा, बाबांच्या तालमीतला. तीस वर्षं त्यांनी एक माणूस सोबत ठेवला आणि घरात कोणाला पत्ता लागू दिला नाही. आता बाबा घरी बसले म्हणून तो एकटाच कामं करत फिरतोय. त्याला गाठायला हवं. तो वर चढणार असेल तर उद्या बाबांनाही चढवेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी छापखान्याचं काम होतं. पिवळं मशीन घेऊन ती बाबांनाही सोबत घेऊन गेली आणि नजरेसमोर खुर्ची टाकून त्यांना बसवलं. मग इमारतीभोवती पूर्ण फेरी मारली. शिडी नाही, माणूस नाही. चारी बाजूंना उघडी फरशी, त्यावर ऊन. आत छपाईची यंत्रं एका लयीत चालू होती.

तिने मशीन डाव्या टोकाशी नेलं.

"डावीकडून नको," बाबा म्हणाले.

"का?"

"हात मोकळा राहत नाही."

"मशीनला हात नसतात, बाबा."

त्यांनी खुर्ची भिंतीपासून बरीच मागे सरकवली.

दांडा वर गेला. स्क्रीनवर पन्हळ आली. टोकापासूनच स्वच्छ. पहिला गोळा वरून वाळलेला होता, त्याला भेग पडली होती. हातभर पुढे दुसरा. हातभर पुढे तिसरा. ती दांडा सरकवत चालली. सातवा गोळा ओलसर होता. दहावा ओला.

बाराव्यातून पाणी ठिबकत होतं.

तेराव्यावर खाचा नव्हत्या. ती बघत असताना त्या पडल्या, एकेक करून, चार.

तिने मान वर केली. छपराची कड, कौलं, वर मोकळं आकाश. कोणी नव्हतं.

दांडा ओढला गेला.

हिसका नव्हता. जड पिशवी दिसल्यावर कोणी आपल्या हातातून हळूच घेतं, तसं.

"सोड," बाबा मागून म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "ओढू नकोस. दे."

तिने दांडा सोडला.

दांडा पडला नाही. त्याच्या टोकाचं वाकडं तोंड पन्हळीत अडकलं असेल, होतं तसं कधी कधी. पण मोटरींचा आवाज बदलला. नळीच्या तोंडावर तळहात ठेवला की बदलतो, तसा.

बाबांनी काठी टेकत येऊन बटण बंद केलं. स्क्रीनही त्यांनीच बंद केली. दोघं उन्हात उभी राहिली. काही वेळाने दांडा सावकाश कलला आणि भिंतीला टेकला, आवाज न करता.

"आता उजवीकडून घे," बाबा म्हणाले.

तिने घेतलं. स्क्रीन लावली नाही. ओढलेला गाळ ड्रममध्ये पडत राहिला, आणि मधोमध आल्यावर तो पडायचा थांबला. तीही थांबली. घड्याळात चाळीस मिनिटं झाली होती.

"बास," बाबा म्हणाले. "आपलं झालं."

टायवाला मशीन न्यायला आला तेव्हा त्याला फार आश्चर्य वाटलं. "राखाडी ठेवताय? लोक तर कॅमेऱ्यासाठीच घेतात, मॅडम. सगळी पन्हळ दिसते."

"आम्हाला निम्मीच लागते," लेक म्हणाली.

वहीत तिने निर्णय लिहिला. त्यापुढचा 'कारण' हा रकाना रिकामाच राहिला.

बाबा ज्या घरावरून पडले, तिथे त्या दिवशी उजव्या बाजूला मालकाची गाडी उभी होती, म्हणून शिडी डावीकडे लावली होती.