डावीकडचं मडकं

आवाज छान आहे म्हणालात माझा, म्हणून सांगते. अजून कुणाला सांगितलं नाही.

गेल्या साली, चौऱ्याण्णवला, आमचे हे फौजेतून कायमचे घरी आले, ते मोठा टेप घेऊन. मधे डेक, दोन बाजूंना दोन स्पीकर. तासगावात आमच्या गल्लीत तसला दुसरा नव्हता. पण यांना आवाज पसंत पडेना. कधी भिंतीला गोधड्या टांग, कधी स्पीकरखाली विटा ठेव, कधी खोक्यात कापूस भर. मग कुणीतरी सांगितलं, स्पीकर खोक्यातून काढून मडक्याच्या तोंडावर पालथा बसवा, तबला घुमतो. मीच हौसेनं कुंभाराकडून मोठं मडकं आणलं. ते उजवीकडे ठेवलं. डावीकडे ठेवायला यांनी माळ्यावरून एक जुनं, काळपट मडकं काढलं.

उजवीकडचा आवाज बरा होता. डावीकडचा पोटात उतरायचा.

शेजारच्या मनुबाई टेप बघायला आल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. "आगं, ह्ये लीलाचं पान्याचं मडकं न्हवं?"

लीला म्हणजे यांची पहिली बायको. तापानं गेली तेव्हा हे सीमेवर होते, पोचले अकराव्या दिवशी. घरातलं माणूस गेलं की मातीची भांडी टाकून देतात. यांनी तेवढं एक टाकू दिलं नव्हतं.

"लय ग्वाड गळा तिचा," मनुबाई म्हणाल्या. "सैपाकघरात अंधार. पानी किती उरलंय ते कळाया मडक्यात तोंड घालून हाक मारायची. आवाजावरनं वळखायची."

त्या दिवसापासून माझा जळफळाट सुरू झाला. मेलेल्या बाईवर जळते म्हणून स्वतःचीच लाज वाटायची, तरी जळायचे. संध्याकाळी हे डाव्या मडक्याला कान लावून बसत. मी चहा ठेवला तरी मान वळायची नाही. दोन्हीकडचा आवाज कमीजास्त करायचं एक बटण डेकवर होतं. ते नेहमी पार डावीकडे असायचं. दुपारी पुसताना मी ते उजवीकडे फिरवायचे, संध्याकाळी पुन्हा डावीकडे. आमचं सगळं भांडण त्या बटणावरच चालायचं.

"माझं बोलनं ऐकू तरी येतं का तुमाला?" एकदा न राहवून विचारलं.

"हळू... गानं संपतंय. संपल्यावर ऐक."

गाणं संपलं. पुढचं सुरू व्हायच्या आधी कोरी टेप सरकत होती. उजव्या मडक्यात नुसती खरखर. डाव्यात कुणीतरी श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी हे वायर आणायला सांगलीला गेले. भर दुपार होती. मी डावा स्पीकर उचलून बाजूला ठेवला, मडक्यात तोंड घातलं आणि ओरडले, "सोड माझ्या नवऱ्याला!"

आत ओल्या मातीचा वास होता. सहा वर्षं कोरडं पडलेलं मडकं ते. माझा आवाज आत घुमला, खाली खाली गेला... आणि परत आला नाही. मी वाट बघितली. मग मडकं उचलून अंगणात आपटलं.

संध्याकाळी खापऱ्या बघून हे दारातच थांबले. मी भांडायच्या तयारीतच होते.

"माझा हात लागला..." मी म्हणाले.

यांनी डोळे मिटले. "परत बोल."

"फुटलं म्हनलं..."

"बोल. थांबू नगंस."

तेव्हापासून टेपवर कापड पडलंय. रोज संध्याकाळी हे मला डावीकडे बसवतात आणि डोळे मिटून माझं ऐकतात. लग्नाला पाच वर्षं झाली, एवढं कधी ऐकलं नव्हतं. हेच तर हवं होतं मला. पण मधे माहेरी गेले, तर आईनं बंद दाराआडून विचारलं, "कोन हाय?" मी दोनदा सांगितलं. तिनं ओळखलं नाही.

काल दिवेलागणीला यांनी आतून हाक मारली.

"लीला..."

मी ओ देणार नव्हते. दात आवळून, तोंडात पदराचा बोळा धरून उभी राहिले.

तरी ओ गेली.