औदुंबराची काठी

मोबाइल खाली ठेवा आणि ऐका. आमच्या शेजारच्या रंगरावांचा पुतण्या आनंद, त्याची ही गोष्ट. बारा मे दोन हजार चार, बुधवार. आदल्या दिवशी लग्न झालेलं, कोथरूडला चौथ्या मजल्यावर कर्जाचा नवाकोरा फ्लॅट, आणि आनंद संध्याकाळी स्कूटरवरून मंडईत गेला होता, बायकोसाठी गजरे आणायला. कंपनी त्याला शनिवारी पहाटे अमेरिकेला धाडणार होती. हातात रात्री तीनच. त्यामुळे स्वारी भलतीच घाईत होती.

परतला तर दारात दुर्गाबाई उभ्या. भाग्यश्रीची मावशी, यवतमाळहून पाठराखीण म्हणून आलेली. हातात सूत गुंडाळलेली औदुंबराची काठी.

"जवाईबापू, तीन राती ही दोघांच्या मधात ठेवा. पोरीवर गंधर्वाचा डोळा हाय, ही काठी म्हंजे तोच. आधी त्याचा मान, मंग तुमचा."

"म्हणजे आम्ही चौथ्या रात्री फोनवर संसार करायचा का?" आनंद हसला.

दुर्गाबाई हसल्या नाहीत. भाग्यश्रीचं याआधी दोनदा लग्न ठरलं होतं. दोन्ही मुलगे अक्षता पडायच्या आधीच वारले. आनंदला हे ठाऊक होतं. त्यानं योगायोग म्हणून सोडून दिलं होतं, शिकलेला माणूस ना!

रात्री मावशी शेजाऱ्यांकडे झोपायला गेल्या. आनंदनं दाराला आतून कडी घातली.

"अहो, ठेवा ना ती काठी," भाग्यश्री म्हणाली. "तुम्हाला काही झालं तर मी कुठे जाऊ?" पोर खरंच घाबरली होती.

आनंदनं काठी उचलली आणि गॅलरीतून खाली भिरकावली. "गेला तुझा गंधर्व!"

दोघांच्या मनगटांवर हळकुंडाची कंकणं तशीच होती. उद्या सत्यनारायण झाला की नवराबायकोनं ती एकमेकांची सोडायची.

साडेअकराला वीज गेली. भाग्यश्री चाचपडत मेणबत्ती आणायला स्वयंपाकघरात गेली. आनंद पडून राहिला. जरा वेळानं शेजारी गादी दबली. गजऱ्याचा वास आला.

"सापडली नाही का?"

 त्याच्या मनगटाला बोटं लागली. कंकणाची गाठ सोडू लागली.

"अगं, उद्या सोडायचं..."

बोटं थांबली नाहीत. खरखरीत होती. तापलेली.

तेवढ्यात स्वयंपाकघरात काडी ओढल्याचा आवाज झाला.

 शेजारी कुणीतरी श्वास घेत होतं...

उजेड दारात आला. मेणबत्ती घेऊन भाग्यश्री. गादीवर दुसरं कुणी नव्हतं. दोन उशांच्या मधे काठी होती. तिच्यावर आनंदचं कंकण बांधलेलं.

त्यानं बायकोच्या हाताकडे पाहिलं. मनगट मोकळं.

"तुझं... कंकण?"

ती लाजली. "असं काय करता? आत्ता ओट्यापाशी, मागून येऊन तुम्हीच तर सोडलंत..."

आनंद शनिवारी अमेरिकेला गेला. परत आला नाही. भाग्यश्री त्याच घरात राहते, अजून दोन उशा मांडून झोपते. मधली काठी मी पाहिलीय. एवढी वर्षं झाली... त्या कंकणाची हळद अजून ओली आहे.