चावी काढली तरी

चावी गोरखच्या हातात होती, आणि पिकअप तरीही ओरडत होती.

दसऱ्याची सकाळ. पिंपरी पेंढारहून टोमॅटोचे क्रेट घेऊन निघालेली गाडी आळेफाट्याच्या अलीकडे चढाला आपोआप रेस झाली. गोरखने ती कशीबशी कडेला घेतली, चावी काढली. चावी हातात, गाडी वाटेत, निळा धूर आभाळात. मिनिटभराने इंजिन आतून कडाडलं आणि कायमचं गप्प झालं.

दोन तासांत त्याचा थोरला भाऊ धर्माजी पोलिसांपुढे उभा होता. आठ दिवसांपूर्वी फाट्यावरच्या शफी मिस्त्रीने गाडीच्या इंजिनाला बाहेरची थंड हवा ओढणारं नवं किट बसवलं होतं. आता हवेचा डबा उघडला, तर आत फिल्टरच नाही. मिस्त्रीने रिकामा डबा गळ्यात मारला, असं धर्माजीचं म्हणणं. ते त्याने गावोगावच्या ग्रुपवरही टाकलं होतं. तिथे ते वाचून गॅरेजच्या जागामालकाने शफीला बजावलं की दुपारपर्यंत जागा सोड. बावीस वर्षांचं गॅरेज होतं ते.

हवालदार अश्विनी आधी शफीकडे गेली. किट कुणी निवडलं, तिने विचारलं. शफीने फळीवर तीन नमुने मांडले. पहिला उघड्या फिल्टरचा, आवाज दणदणीत, पण बॉनेटखालची तापलेली हवाच ओढणारा. दुसऱ्याचं तोंड बंपरपाशी, खाली. ओढ्यात गाडी घातली की पाणी पिणार. तिसरा बंद डब्याचा, तोंड हेडलाइटच्या मागे उंचावर. गोरखला आवाजासाठी पहिला हवा होता. शफीने धर्माजीला तिसरा पटवला.

"गोरख रुसला असेल मग."

"लई. ह्यो फिल्टर कोरडाच ठेवायचा, असं मी त्याला सांगत व्हतो, तर मोबाईलमधनं मान वर न्हाई."

"धर्माजी कुठे होते?"

"च्याला गेल्ते."

"फिल्टर बसवताना कुणी पाहिला?"

शफीने हात पुसले. बराच वेळ पुसले. "कुणी न्हाई, ताई."

ते उत्तर तिला आवडलं नाही. त्या पुसण्यात तर आणखीच संशय होता.

गाडीपाशी गोरख उकिडवा बसला होता. डबा आतून लख्ख होता. त्याच्या पुढच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात अश्विनीने हात घातला. बोटांवर मधाच्या रंगाचं तेल आलं. धुळीचा कण नाही.

"आठ दिवस गाडी कुठे होती?"

"रोज नारायणगावला, मार्केटला. निम्मी वाट कच्ची. काय बी तरास न्हाई. काल तेवढी दारात उभी व्हती."

"आणि काल तू?"

"पेठला, सासुरवाडीला. आज पहाटं आलो नि चावी मारली."

"डबा कुणी उघडला?"

गोरख नजर चुकवत म्हणाला, "दादा आला. मला पाणी आणाय धाडलं. मी आलो तवा डबा रिकामाच व्हता."

मनासारखं किट न मिळालेला भाऊ. त्यानेच फिल्टर काढून फेकला असेल? अश्विनीने त्याला सोबत घेतलं आणि घर गाठलं.

अंगणात ट्रॅक्टर झेंडूच्या माळा लेवून उभा होता. कालच्या खंडेनवमीचं कुंकू अजून ओलं वाटत होतं. ट्रॅक्टरच्या फिल्टरखालची, हवेतली धूळ धरणारी तेलाची वाटी अश्विनीने सोडवली. मधाच्या रंगाचं ताजं तेल. शेजारी दोन लिटरचा कॅन आडवा पडला होता, रिकामा.

"हे तेल कुणी घातलं?"

"मीच," धर्माजी म्हणाला. "दर खंडेनवमीला घालतो. वडलांपासनं रीत हाय."

"वाटीत किती मावतं?"

"आर्धा लिटर. लई तर पाऊण."

त्याची आई सारजाबाई चहा घेऊन आली होती. कॅन कधी आणला, असं अश्विनीने तिलाच विचारलं.

"कालच की. पुजेच्या आदी फोडला."

"मग उरलेलं तेल कुठे गेलं, धर्माजीराव?"

अश्विनी ओट्यावर टेकली आणि सावकाश सांगू लागली.

"चावी काढली की डिझेल बंद होतं. तरी इंजिन पळालं, म्हणजे ते दुसरंच काही पीत होतं. डबा पहिल्यापासून रिकामा असता, तर आठ दिवसांच्या धुळीने पाइप माखला असता. तो स्वच्छ आहे. म्हणजे फिल्टर होता. तेल आधीपासून असतं, तर गाडी पहिल्याच दिवशी गेली असती. म्हणजे ते काल पडलं, आणि काल गोरख पेठला होता. ट्रॅक्टरला पाजलं तसं तुम्ही नव्या गाडीच्या फिल्टरलाही तेल पाजलंत. चढाला ते इंजिनात उतरलं, आणि इंजिन तेच जाळत पळालं. इथवर ती माया होती, चुकलेली. पण डबा उघडून भिजलेला फिल्टर दिसला, तेव्हा तुम्हाला कळलं. भावाला पाण्याला धाडलंत, फिल्टर लपवलात, डबा पुसलात. आणि चौकीत येऊन दुसऱ्याचं नाव घेतलंत."

धर्माजी गोठ्यात गेला. कडब्याच्या मागून गोणपाट घेऊन आला. आत काळपट, निथळता फिल्टर होता.

"धाकट्याला मी इंजिनातलं शिकवलं," तो एवढंच म्हणाला. "त्याच्यापुढं कसं सांगू?"

गोरख म्हणाला, "मला शफीभाऊनं कोरडा ठेवाय सांगितलं व्हतं, दादा. मी रागात घरी बोललोच न्हाई."

दुपार व्हायच्या आत दोघे भाऊ फाट्यावर होते. जागामालक दारातच उभा होता, सोबत पाच ड्रायव्हर. धर्माजीने सगळ्यांदेखत माफी मागितली. शफीने फिल्टर हातात घेऊन पाहिला.

"तेल तरी भारीतलं वापरलंस, राव," तो म्हणाला. मग हसू आवरून, "हितं सहा जण हायत. ग्रुपवर धा गावं. त्यांना कोण सांगनार?"

धर्माजीने फोन काढला. ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करायचं बटण दाबून तोंडाजवळ धरला. दोनदा घसा खाकरला.

"मी धर्माजी बोलतोय. फिल्टर व्हता. तेल मी ओतलं, नि खोटं बी मीच बोललो."

बोट उचललं, तसा पहिला फोन वाजला तो जागामालकाच्या खिशात.