बरं असेल तर एक दाबा

“एकटेच राहतात?” मी संगणकावरून नजर न उचलता विचारलं.

“हो.”

“जेवणखाण?”

“घरीच. बहुतेकदा करपतं.”

“वय?”

“चौतीस.”

माझी बोटं थांबली. टेबलापलीकडे एक उंच माणूस पावसाने भिजलेली बाही पिळत उभा होता. चेहरा मात्र असा साळसूद, की रागावायलाही जीव होईना.

“ही योजना पासष्टीच्या पुढच्यांसाठी आहे,” मी तरीही फणकारले. “मला वाटलं, वडिलांचं नाव नोंदवायला आलात.”

“आणि चौतिसाव्या वर्षी एकटं राहणाऱ्यांची काहीच सोय नाही?”

“आहे ना. लग्न.”

तो मोकळेपणी हसला आणि खिशातून ओळखपत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. ते वाचून माझी पाचावर धारण बसली. सरकारी कचेऱ्यांमधल्या नव्या तंत्रज्ञानाला राज्याचा पुरस्कार असतो, त्याचा हा परीक्षक! आमचा प्रकल्प तपासायला आला होता, तोही ठरल्या वेळेच्या तासभर आधी.

आमचा म्हणजे नगरपालिकेचा. खरं सांगायचं तर माझा. गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी आठ वाजता आपोआप फोन जातो. आवाज माझाच, एकदा ध्वनिमुद्रित करून ठेवलेला – ‘नमस्कार. आज कसं वाटतंय? बरं असेल तर एक दाबा. कुणाशी बोलायचं असेल तर दोन दाबा.’ एक दाबलं की माझ्या पडद्यावर हिरवा ठिपका उमटतो. दोन दाबलं की फोन थेट माझ्या टेबलावर येतो. आणि काहीच दाबलं नाही, तर आमचा माणूस त्यांच्या दारात जाऊन उभा राहतो. एक निवृत्त पोस्टमास्तर आजोबा तर ‘मी बरा आहे’ एवढं सांगायलासुद्धा दोनच दाबतात!

साहेबांना ही थेरं वाटायची. “पुरस्कार मिळाला तर ठीक, नाहीतर नव्या वर्षापासून बंद,” ते स्पष्ट म्हणाले होते. “पालिकेने काय गप्पा मारायला माणसं ठेवायची?”

परीक्षकाने सगळं बारकाईने पाहिलं. चाचणीसाठी स्वतःचा नंबर टाकायला लावला आणि निघताना दारात क्षणभर थांबला. “आवाज तुमचाच आहे ना?... छान आहे.”

नियमाप्रमाणे तो नंबर त्याच संध्याकाळी काढून टाकायला हवा होता. मी नाही काढला. विसरले, असं स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. तिसऱ्या दिवशीही. मी पावणेआठलाच कचेरीत येऊन बसायला लागले. इतक्या घरांत रोज माझा आवाज जायचा, पण माझ्या खोलीत फ्रिजच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. कधीमधी ताईचा फोन यायचा. “जगाच्या म्हाताऱ्यांची चौकशी करतेस, स्वतःच्या म्हातारपणाचं काय?” एवढं विचारून ती आपल्या मुलांना ओरडायला निघून जायची. मग उरलेली संध्याकाळ अंगावर यायची.

आणि एका सकाळी टेबलावरचा फोन वाजला.

“मी... दोन दाबलं,” तो म्हणाला.

“काय होतंय तुम्हाला?” मी खुर्चीतून अर्धी उठलेच.

“खास काही नाही. भाजी करपली.”

“सकाळी आठ वाजता भाजी?”

“तुमचा फोन येतो म्हणून लवकर उठतो. मग करायचं काय!”

मला हसू फुटलं. आम्ही बोलत राहिलो... पाऊस, त्याची गळकी खिडकी, माझा चहा. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला विचारत होतं, मी सांगत होते. मग केबिनच्या काचेतून साहेब दिसले आणि मी भानावर आले. परीक्षकाचं स्पर्धकाशी असं बोलणं कुणाला कळलं, तर आमचा प्रकल्प बाद. मग पोस्टमास्तर आजोबांनी कुणाला सांगायचं, की ते बरे आहेत?

“निकाल लागेपर्यंत कृपा करून दोन दाबू नका,” मी म्हणाले. आवाज हवा होता त्यापेक्षा कोरडा निघाला.

“बरं,” तो म्हणाला. “नाही दाबणार.”

त्याने शब्द पाळला. रोज एक. निमूट हिरवा ठिपका. मी त्याच्याकडे बघत बसायचे आणि मला रडू यायचं. तो बरा होता, माझ्याशी न बोलताही अगदी बरा होता, याचंच मला वाईट वाटायचं.

पुरस्काराच्या समारंभात आमच्या प्रकल्पाला पहिला नव्हे, दुसरा नव्हे, ‘विशेष उल्लेख’ मिळाला. पण साहेब खूश! प्रमाणपत्र केबिनच्या भिंतीवर लागणार म्हणजे योजना बंद करायची सोय राहिली नाही. माझी फोनची लाइन वाचली. मी व्यासपीठावरून परीक्षकांच्या रांगेकडे पाहिलं. तो तिथे नव्हताच.

तो सापडला सभागृहाच्या शेवटच्या रांगेत. लोक पांगत होते. मी तरातरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“तुम्ही परीक्षकांत का नव्हता?”

“केव्हाच बाहेर पडलो. मी दोन दाबलं ना, त्याच्या आदल्या दिवशी.”

“मग त्याच वेळी सांगायचं नाही?”

“तेच सांगायला दाबलं होतं. पण तुम्ही म्हणालात, दोन दाबू नका...” तो खाली बघत म्हणाला. “मला वाटलं, तुम्हाला बोलायचंच नाहीये. निकाल हे आपलं निमित्त.”

कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. एवढे दिवस... दोघंही...

“आणि रोज एक दाबत होतात ते? इतके बरे होतात?”

“छे. अजिबात नव्हतो,” तो म्हणाला. “पण काहीच दाबलं नसतं, तर तुमचा माणूस बिचारा पावसात माझ्या दारात आला असता.”

माझे डोळे भरून आले. त्याने ते पाहिलं. जवळ आला आणि अगदी हळू विचारलं, “आणि तुम्ही? तुम्ही कशा आहात?”

‘बरी आहे’ हे शब्द ओठांवर आले होते. ते मी गिळले.

“मला फार एकटं वाटतं,” मी म्हणाले. “तुम्ही याल का माझ्याबरोबर... चालत?”

त्याने माझ्या हातातलं प्रमाणपत्र घेऊन काखेत धरलं, आणि आम्ही पायऱ्या उतरायला लागलो.